थोरलीचे थोरले झाले

प्रिय भावजींना,

वहिनीचा नमस्कार. वयाने मी मोठी, तेव्हा रीतीप्रमाणे आशीर्वाद लिहायला हवे होते. पण ज्या माणसाने बदलीच्या गावी जाताना माझ्या बैठकीच्या खोलीत अख्खा समुद्र आणून ठेवला आणि वर "वहिनी, थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे" असं म्हणून काढता पाय घेतला, त्याला आशीर्वाद द्यायला माझा हात अजून वर होत नाही. तूर्त नमस्कारावर भागवून घ्या. तुमची तब्येत कशी आहे? तिकडचं पाणी मानवलं का? (पाण्याबद्दल इतक्या कळवळ्याने मी पूर्वी कधी कुणाला विचारलं नव्हतं. हल्ली मला दुसरं काही सुचतच नाही.) नवं घर तळमजल्यावर आहे, आईंच्या खोलीला रंग देऊन झाला आहे आणि आई चालायला लागल्या की लगेच त्यांना न्यायला येता, हे तुमचं मागचं पत्र सगळ्यांनी वाचलं. इकडे आम्ही तिघं ठीक आहोत. तुमच्या टाकीतली मासेमंडळीही ठीक आहेत. मात्र 'ठीक' या एका शब्दाखाली काय काय झाकलंय ते सांगायला हे पत्र लिहिते आहे. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, कारण घरात फोनला रेंज फक्त आईंच्या खुर्चीपाशी मिळते आणि खुब्याच्या ऑपरेशननंतर त्यांचे पाय बसले असले तरी कान तिप्पट तेज झाले आहेत.

भावजी, मला धक्का बसला आहे. एक ओसरतो न ओसरतो तोच दुसरा, असे लागोपाठ बसले आहेत. आता मी काही लेचीपेची बाई नाही, हे तुम्हाला माहीत आहे. प्रसूतिगृहात मेट्रन आहे मी. धडधाकट बाप दारात धाडकन आडवे होतात, तेव्हा त्यांच्या डोक्याखाली हात घालणारी मी. रक्त बघून मला जांभई येते. आणि अशा बाईला तुमच्या एका माशाने भिंतीला टेकून उभं राहायची वेळ आणली. तोही कुठला मासा, तर तुम्ही ज्याची हमी दिली होतीत तो! "वहिनी, बाकीचे अँजेलफिश प्रवाळ कुरतडतात, एकमेकांच्या जिवावर उठतात. पण ही जात म्हणजे गरीब गाय. पाण्यात तरंगणारं बारीकसारीक खातात, पोहतात, कुणाच्या अध्यात नाहीत की मध्यात नाहीत." हे तुमचेच शब्द. दोघी बहिणी आहेत म्हणालात, दोघी माद्या. आईंनी त्याच दिवशी मोठीला थोरली आणि लहानीला धाकटी म्हणायला सुरुवात केली.

गरिबीबद्दल माझी तक्रार नाही. उलट इतका गरीब मासा मी बघितला नाही. थोरली चांगली वीतभर लांब, पिवळी धमक, शेपटी कात्रीने कापल्यासारखी दुभंगलेली, आणि चाल अशी की जणू हिच्या मागे चार नोकर उभे आहेत. पण तुमचा तो अंगठ्याएवढा नारिंगी क्लाउनफिश (त्याला मी मुकादम म्हणते) तिच्यावर धावून गेला की ही बिचारी आपला कोपरा सोडून निमूट दुसरीकडे जायची. रोज. मी काचेवर टकटक करून मुकादमाला दम द्यायचे. माझ्या वॉर्डातही अशा सुना येतात. त्यांच्या सासवांना मी जिन्यातूनच परत पाठवते. पण काचेपलीकडे माझं काय चालणार?

तर पहिला धक्का पाण्याचा. तुमचं ते पाणी गाळायचं यंत्र थेंब थेंब टाकत बसतं. त्याच्या खाली पिंप लावून मी कामावर गेले. पिंप भरलं की यंत्र बंद करायचं काम तुमच्या दादांकडे होतं. दादा त्या वेळी ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत एका नवशिक्या बाईंना उतारावर गाडी थांबवायला शिकवत होते. बाई थांबल्या, पाणी थांबलं नाही. ते आमच्या फरशीवरून खालच्या मजल्यावरच्या निवृत्त न्यायाधीशांच्या छतात उतरलं आणि तिथून त्यांच्या वाचायच्या खुर्चीत. ते वर आले तेव्हा चेहरा असा होता की जन्मठेपेच्या खाली काही मिळणार नाही. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण त्यांचं लक्ष टाकीकडे गेलं. उभे राहिले. मग बसले. मग चहा घेतला. जाताना म्हणाले, "तो पिवळा मासा फार सभ्य आहे हो." तेव्हापासून ते रोज संध्याकाळी येतात, आईंच्या शेजारची खुर्ची त्यांची झाली आहे. त्यांच्याविषयी एकच सांगायचं राहिलं. ते शिंकतात. माणूस मवाळ, बोलणं हळू, पण शिंक म्हणजे उखळी तोफ. पहिल्यांदा ऐकली तेव्हा दादांचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला गेला. (शिकवायच्या गाडीत त्यांच्या बाजूलाही ब्रेक असतो ना, त्यामुळे घरातसुद्धा काही बिनसलं की ते फरशीवर ब्रेक दाबतात. दूध उतू जाताना मी त्यांना ब्रेक दाबताना पाहिलं आहे.)

त्यानंतर पाणी बिघडायला लागलं. प्रवाळांवर हिरवट बुरशीसारखं शेवाळ धरू लागलं. तुम्ही लिहून दिलेलं सगळं आम्ही करत होतो. मीठ मोजून, पाणी बदलून, काच घासून. वॉर्डात सलाईन लावायचं आणि घरी येऊनही सलाईनच कालवायचं, असं माझं आयुष्य झालं होतं. तरी शेवाळ वाढतच होतं. तुम्ही मासे घेतलेत त्या दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, खाणं जास्त होतंय. दादांना वाटलं मी लाडाने जास्त घालते. मला खात्री होती की दादा घालतात, कारण फ्रीजमधलं गोठवलेल्या झिंग्यांचं पाकीट बघता बघता संपायचं. शब्दाने शब्द वाढला. आम्ही बोलेनासे झालो. "आई, यांना सांगा, मी सकाळी काही घातलेलं नाही." "आई, हिला सांग, मी तर पाकीट उघडलंसुद्धा नाही." आई दोघांचे निरोप इकडून तिकडे पोचवायच्या. चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, पुढे कळेल का ते.

आणि मग थोरली काळवंडायला लागली. आधी पिवळा रंग विटला. मग कडांना निळसर झाक आली. मी घाबरले, अंग निळं पडणं म्हणजे काय हे मला सांगायला नको. मग अंगावर उभे काळे वळ उठायला लागले, कुणीतरी वेताच्या छडीने मारल्यासारखे. माझा पहिला संशय मुकादमावर. पण थोरलीचं खाणं उत्तम, पोहणं उत्तम, एवढंच काय, एके दिवशी मुकादम अंगावर आला तर ही जागची हलली नाही. तो आपटून मागे फिरला! मला वाटलं, ताप डोक्यात गेला. फोनमध्ये फोटो काढले आणि सुट्टी टाकून दुकानदाराकडे धावले. तुमचा हा दुकानदार मोठा गुर्मीचा माणूस आहे. मी लक्षणं सांगते आहे, सुरुवात कधी झाली, रंग कसा, भूक कशी, आणि तो दुसऱ्याच गिऱ्हाइकाच्या पिशवीला गाठ मारतो आहे. फोटोकडे एक नजर टाकली आणि म्हणाला, "अभिनंदन. नर झाला."

मी म्हटलं, "कुणाला?"

"कुणाला नाही हो. तुमची मादी नर झाली. दोन माद्या एकत्र ठेवल्या, नर कुणी नाही. मग जी मोठी असते ती नर होते. या जातीत असंच असतं."

भावजी, मी मिठाच्या पोत्यावर बसले. इतक्या वर्षांत किती पोरं माझ्या हातांवर आली असतील! दार उघडायचं आणि बाहेर उभ्या असलेल्या माणसांना मुलगा की मुलगी ते सांगायचं, हा माझा धंदा. रडणारे रडले, नाचणारे नाचले, पण एकदा सांगितलेलं परत घ्यायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. आणि इथे घरच्याच टाकीतली, रोज माझ्या डोळ्यांसमोर असलेली थोरली! तुम्हाला हे माहीत होतं का? माहीत असून सांगितलं नसेल तर तुमच्याशी निराळं बोलेन. माहीत नसेल तर एवढी पुस्तकं कसली वाचलीत?

आता प्रश्न आईंना कसं सांगायचं. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू, त्यामुळे त्यांना रंग दिसत नसेल, असं आम्ही धरून चाललो. ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाले, हाड जुळलं, आता चाला. पण त्या चालत नव्हत्या. सकाळी खुर्चीत बसवायचं, रात्री उचलायचं. दिवसभर टाकीकडे तोंड करून थोरलीशी बोलत बसायच्या. तुम्ही गेल्यापासून त्यांनी एवढं मन लावून दुसऱ्या कशाकडे पाहिलं नव्हतं. त्यात हा धक्का! मला वाटलं, माझी ही गत, तर त्यांचं काय होईल? या काळजीपोटी माझा आणि दादांचा अबोला सुटला, तेवढा एक फायदा. शेवटी दादांनी सांगायचं ठरलं. त्यांनी आरशासमोर तयारी केली. मग आईंसमोर बसून फरशीवर ब्रेक दाबून म्हणाले, "आई, घाबरू नकोस. थोरली आता... म्हणजे ती... तो..."

आई म्हणाल्या, "तुम्हाला आज कळलं?"

दादांनी ब्रेक आणखी दाबला.

"किती दिवस बघतेय मी. आधी चाल बदलली, मग रंग. त्या नारिंग्याला कसा झटकला बघितलं नाही का? घरात कुणीतरी पुढे व्हावंच लागतं. तुझा बाप गेला तेव्हा मी नाही गाडी शिकले? लोकांना शिकवलीसुद्धा. माझ्या अंगावर पट्टे उठले नाहीत एवढंच. आणि आता थोरली म्हणू नका, थोरले म्हणा."

भावजी, मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्याले. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा ड्रायव्हिंग स्कूल दादांच्या हाती आलं होतं. त्याआधी ते कोण चालवत होतं, हे मी कधी विचारलंच नव्हतं. आईंच्या तोंडून ते असं, माशावरून निघालं.

एवढ्यावर संपलं असतं तर मी पत्र लिहिलं नसतं. गेल्या रविवारी दुपारी न्यायाधीश नेहमीपेक्षा लवकर आले होते. दादांनी टाकीवरची जाळी काढून काच घासायला घेतली होती. (तुमची सूचना मला तोंडपाठ आहे: 'जाळी काढाल तेव्हा खोलीत शांतता राखा, हे मासे दचकले की उडी मारतात.' ती मी न्यायाधीशांना ऐकवलीही होती. ते म्हणाले, "अर्थातच." हे म्हणताना त्यांचं नाक हुळहुळत होतं, हे मला कळायला हवं होतं.) शिंक आली. आली म्हणजे कोसळलीच. थोरल्यांनी पाण्यातून झेप घेतली ती न्यायाधीशांच्या गुडघ्याला लागून, फरशीवर घसरत चपलांच्या कपाटाखाली.

आता पुढचं नीट वाचा. दादांनी ब्रेक दाबला. दोन्ही पायांनी. बाकी काही केलं नाही. न्यायाधीश उभे राहून म्हणाले, "कुणीतरी तातडीने काहीतरी केलं पाहिजे," आणि पुन्हा बसले. आणि मी, जिच्या हातात निळी पडलेली पोरं रडायला लागतात, ती मी खांबासारखी उभी. कपाटाखालून फटफट असा आवाज येतोय, तो मंदावत चाललाय, मला ऐकू येतंय, आणि हातपाय हलत नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा.

तेवढ्यात आई उठल्या.

काठी नाही, आधार नाही. टाकीपर्यंत गेल्या, दोन्ही हात कोपरापर्यंत त्या खाऱ्या पाण्यात बुडवले (कोरड्या हातांनी माशाला धरू नये, हेही तुम्हीच सांगितलेलं), वळल्या, कपाटापाशी वाकल्या. त्या खुब्याने वाकल्या! थोरल्यांना ओंजळीत घेतलं आणि अलगद पाण्यात सोडलं. ते आधी कलंडले. मग एक कल्ला हलला, मग दुसरा, आणि धाकटी खडकाआडून येऊन त्यांच्या शेजारी थांबली. आई आमच्याकडे वळून म्हणाल्या, "बघत काय बसलात? जाळी लावा." मग चालत स्वयंपाकघरात गेल्या, साबणाने हात धुतले, टॉवेलला पुसले, चालत परत आल्या. आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आमच्या तिघांपैकी एकही जण माशाकडे बघत नाहीये. लगेच खुर्चीत बसल्या आणि कण्हल्या, "आई गं, माझा खुबा."

मग मी मेट्रन झाले. न्यायाधीश समोर असून उलटतपासणी मीच घेतली. दुपारी आम्ही दोघं घरात नसताना आई उठतात. आधी खुर्चीपासून टाकीपर्यंत, मग टाकीपासून फ्रीजपर्यंत. झिंगे काढून थोरल्यांना घालतात, कारण "दुपारी त्याला भूक लागते." म्हणजे ते शेवाळ आईंचं! आणि त्यापायी आम्ही नवराबायको बोलत नव्हतो, तर निरोप कुणाच्या हाती देत होतो? त्यांच्याच! मी विचारलं, "आई, चालता येतं तर सांगितलं का नाहीत?" त्यांनी मान टाकीकडे वळवली आणि म्हणाल्या, "आळस." जन्मात ज्या बाईने आळस केला नाही ती म्हणते आळस. न्यायाधीशांनी साक्ष नोंदवून घेतल्यासारखी मान हलवली आणि उठून गेले. दुसऱ्या दिवशी नाकाला रुमाल बांधून आले. तेव्हापासून तसेच येतात.

थोरले आता ठणठणीत आहेत. गुडघ्याला घासून थोडे खवले गेले होते, ते भरत आले. अंगभर पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा घातल्यासारखे दिसतात. संध्याकाळी टाकीतले दिवे मंदावायच्या सुमाराला ते आणि धाकटी एकमेकांना लगटून पाण्यात वर वर जातात. त्या वेळी न्यायाधीश मर्यादा म्हणून वर्तमानपत्र डोळ्यांसमोर धरतात. आई धरत नाहीत.

तर भावजी, तुमच्या दोन्ही ठेवी सुखरूप आहेत. आई चालतात. आई चालायला लागल्या की न्यायला येतो, असं तुम्ही लिहिलं होतंत, म्हणून हे तुम्हाला कळवणं माझं कर्तव्य होतं. कळवलं. जेवणाची हेळसांड करू नका.

तुमची,
वहिनी

ता. क. टाकीच्या मोठ्या पंपाचा आवाज वाढला आहे. दादा म्हणतात, क्लच गेला. पंपाला क्लच असतो का ते कळवा.

ता. क. आईंना प्रवास इतक्यात झेपणार नाही. वर चालतात असं लिहिलं ते खरं, पण घरात चालणं वेगळं आणि गाडीत तासन् तास बसणं वेगळं, खुबा आखडतो. रंगाचा वासही बाधतो. हे मी मेट्रन म्हणून लिहिते आहे. डॉक्टरांना विचारलेलं नाही. डॉक्टरांना विचारलं की ते उगाच काहीतरी खरं सांगतात.

ता. क. टाकी न्यायची असेल तर खुशाल न्या. फक्त एवढंच की मासे आता इथे रुळले आहेत, हलवाहलवीत त्यांच्या जिवाला धोका. आणि मासे इथे राहिले तर त्यांच्याकडे लक्ष द्यायला दुपारी घरात कुणीतरी हवं. मी कामावर असते. दादांचं तुम्ही वाचलंच. माझं काही नाही, मी आपली व्यवहाराचं बोलते आहे. सावकाश विचार करा. वर्ष-दोन वर्षं लागली तरी चालतील.

चि. धाकट्यास आईचे आशीर्वाद. पाकीट चिकटवायला हिने माझ्याकडे दिलं, म्हणून आधी भिंग घेऊन वाचून काढलं. न्यायाधीशांची शिंक हिने वाढवून लिहिली आहे, बाकी बरोबर. हिला 'राहा' म्हणता येत नाही, म्हणून औषधाच्या चिठ्ठीसारखं लिहिते. मला तरी कुठे 'राहते' म्हणता आलं? तू लिहिलंस, आई चालायला लागली की न्यायला येतो. मग मी चालायचं बंदच ठेवलं. हे हिला सांगू नकोस, डोक्यावर बसेल. तुझ्यावर राग नाही. रंग दिलेल्या खोलीत तू झोपत जा, तुला पहिल्यापासून उजेड लागतो. सुट्टी मिळाली की ये. भेटायला ये. न्यायला येऊ नकोस.